प्लग काढला, तरी वीज उरते

नाणे टाकावे, बटण दाबावे आणि काचेमागचा यांत्रिक हात शंभर गाण्यांतून नेमकी आपली तबकडी काढून सुईला नेऊन भिडवतो, ते पाहत उभे राहावे. ज्यूकबॉक्सचे निम्मे सुख ऐकण्यात होते आणि निम्मे या पाहण्यात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या उपाहारगृहांत या यंत्रांचे राज्य होते. वुर्लिट्झर कंपनीचे रंगीत बुडबुड्यांचे ‘१०१५’ हे मॉडेल १९४६ चे. शिकागोच्या सीबर्ग कंपनीने १९५० मध्ये ४५ फेऱ्यांच्या तबकड्या वाजवणारा पहिला ज्यूकबॉक्स आणला आणि १९५२ मध्ये ‘एम-१००-सी’. मुंबईतल्या काही इराणी हॉटेलांतही ज्यूकबॉक्स होते. बनमस्का आणि चहाबरोबर गाणे निवडल्याच्या आठवणी जुनी माणसे अजून सांगतात.

ही यंत्रे आता हौशी संग्राहकांच्या घरी पोहोचली आहेत आणि त्यांतली अनेक पुन्हा गाऊ लागली आहेत. त्यांचे सर्किटचे नकाशे मिळतात, व्हॉल्व्ह मिळतात, सुटे भागही मिळतात. अडचण वेगळीच आहे. आज दुरुस्तीला बसणाऱ्या अनेकांचा हात मोबाइल, ट्रान्झिस्टर, खेळण्यातल्या मोटारी यांवर, म्हणजे पाच ते बारा व्होल्टवर तयार झालेला असतो. तिथे चूक झाली तर फार तर एखादा भाग जळतो. ज्यूकबॉक्सच्या तळाशी बसवलेल्या व्हॉल्व्ह अॅम्प्लिफायरमध्ये मात्र साडेतीनशे-चारशे व्होल्ट खेळत असतात आणि प्लग काढल्यावरही ते तिथे राहू शकतात. बंद केलेले यंत्र आणि वीज नसलेले यंत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दुरुस्तीत जीव वाचवणारे ज्ञान एवढेच आहे; बाकीची कारागिरी त्यानंतरची.

गच्चीवरची टाकी

व्हॉल्व्हला एवढा विद्युतदाब लागतो, कारण त्याचे काम पोकळीतून चालते. काचेच्या निर्वात नळीत एक कॅथोड असतो. तो तापला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. समोरच्या पट्टीवर, म्हणजे प्लेटवर, मोठा धन दाब दिला की ते तिकडे खेचले जातात. मधल्या बारीक जाळीवर सुईकडून आलेला दुबळा संकेत दिला की इलेक्ट्रॉनचा हा मोठा प्रवाह त्या तालावर कमी-जास्त होतो. १९०४ मध्ये इंग्लंडच्या जॉन अॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनी दोन अग्रांचा व्हॉल्व्ह केला आणि १९०६ मध्ये अमेरिकेच्या ली डी फॉरेस्ट यांनी त्यात जाळी बसवण्याकडे पहिली पावले टाकली. ज्यूकबॉक्समध्ये शेवटच्या टप्प्याला अनेकदा दिसणारी ‘६एल६’ व्हॉल्व्हची जोडी १९३६ पासूनची. तिचा तापक ६.३ व्होल्टवर चालतो, तो निरुपद्रवी. धोका प्लेटच्या बाजूला आहे.

प्लेटला लागणारा दाब ट्रान्सफॉर्मर वाढवून देतो आणि रेक्टिफायर त्याचे एका दिशेच्या विजेत रूपांतर करतो. पण ही वीज लाटालाटांनी येते. तशीच दिली तर स्पीकरमधून गाण्याऐवजी घरघर ऐकू येईल. म्हणून मध्ये मोठे कंडेन्सर बसवतात. नळाला पाणी ठरावीक वेळी येते, पण गच्चीवरच्या टाकीमुळे घरात दिवसभर सारखे मिळते. कंडेन्सर हे त्या टाकीचेच काम करतो. आता रस्त्यावरचा मुख्य कॉक बंद केला म्हणून टाकी रिकामी होत नाही. प्लग काढणे म्हणजे तो कॉक बंद करणे.

यंत्र धडधाकट असेल तर बंद केल्यावर तापलेले व्हॉल्व्हच काही सेकंदांत ही टाकी बरीचशी रिकामी करतात. म्हणूनच वर्षानुवर्षे काम केलेल्या माणसालाही वाटते की काही होत नाही. पण दुरुस्तीला आलेले यंत्र धडधाकट नसते. व्हॉल्व्ह काढून ठेवलेले असतात, एखादा जुना रेझिस्टर आतून तुटलेला असतो, निचऱ्यासाठी मुद्दाम बसवलेला रेझिस्टर निकामी झालेला असतो. मग चार्ज तासन् तास तसाच राहतो. यंत्र जितके बिघडलेले, तितका हा साठा बेभरवशाचा.

हृदयापर्यंतची वाट

विजेचा धक्का किती घातक, हे केवळ व्होल्टवर नव्हे, तर शरीरातून किती प्रवाह, कोणत्या वाटेने आणि किती वेळ गेला यावर ठरते. घरातल्या प्रत्यावर्ती विजेचा साधारण एक मिलिअँपिअर प्रवाह मुंग्या आल्यासारखा जाणवतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातले विद्युत अभियंता चार्ल्स डाल्झिएल यांनी विसाव्या शतकाच्या मध्याला स्वयंसेवकांवर मोजमापे केली. धरलेली तार सोडता येण्याची मर्यादा पुरुषांत सरासरी १६ आणि स्त्रियांत साडेदहा मिलिअँपिअरच्या आसपास निघाली. त्यापुढे बोटांचे स्नायू आखडतात आणि हात तारेला घट्ट धरून बसतो. ‘वीज ओढून घेते’ असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात आपलाच हात सोडत नाही. ५० ते १०० मिलिअँपिअर प्रवाह छातीतून सेकंदभर गेला तर हृदयाच्या खालच्या कप्प्यांचा ताल मोडून ते नुसते थरथरू लागू शकतात. याला व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात. हृदय हलत असते, पण रक्त पुढे जात नाही. काही सेकंदांत शुद्ध जाते आणि मदत मिळाली नाही तर काही मिनिटांत मृत्यू येतो.

कोरड्या, जाड त्वचेचा रोध चांगला असतो. घाम आला की तो झपाट्याने घसरतो आणि काही शे व्होल्टच्या दाबाखाली त्वचेचे संरक्षण जवळपास संपते. मग उरतो शरीराच्या आतला सुमारे हजार ओहमचा रोध. चारशे व्होल्ट भागिले हजार ओहम, म्हणजे ४०० मिलिअँपिअर. कंडेन्सरचा असा धक्का क्षणभराचा असतो, म्हणून प्रत्येक वेळी तो जीव घेत नाही. पण तो हृदयाच्या ठोक्यातल्या नाजूक क्षणी पडला तर घात करू शकतो. यंत्र चालू असताना तर हा प्रवाह क्षणात संपतही नाही. एका दिशेच्या विजेने स्नायू एकदम आकुंचन पावून माणूस मागे फेकला जातो, तो वेगळाच. डोके टेबलाच्या कोपऱ्यावर आपटणे किंवा खांदा निखळणे हेही विजेच्या अपघातातच धरायचे.

प्रवाहाची वाटही महत्त्वाची. एक हात उच्च दाबाला आणि दुसरा धातूच्या चौकटीला, म्हणजे चॅसिसला, लागला तर वीज छातीतून आरपार जाते. म्हणूनच जुने रेडिओ कारागीर चालू सेटमध्ये तपासणी करताना डावा हात खिशात घालत.

मारणारी आणि तारणारी

गंमत अशी की कंडेन्सरमधली हीच वीज रुग्णालयात जीव वाचवते. १८९९ मध्ये जिनिव्हाच्या प्रेव्हो आणि बातेली या संशोधकांना कुत्र्यांवरील प्रयोगांत दिसले, की लहान धक्क्याने हृदयाची थरथर सुरू होते आणि मोठ्या धक्क्याने ती थांबवता येते. लहान धक्का काही पेशींना अवेळी चेतवून ताल बिघडवतो. मोठा धक्का बहुतेक सगळ्या पेशींना एकदम गप्प करतो आणि मग हृदयाचा नैसर्गिक ताल पुन्हा सूत्रे हाती घेऊ शकतो. पुढे अमेरिकेत तारांवर काम करणारे कामगार धक्क्याने मरत होते, म्हणून वीज कंपन्यांनी संशोधनाला पैसा दिला. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधले विद्युत अभियंता विल्यम कौवेनहोवेन त्या कामात होते. प्रयोगात इलेक्ट्रोड कुत्र्याच्या छातीवर दाबताच रक्तदाब वाढतो, हे त्यांच्या चमूला दिसले आणि १९६० मध्ये छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत, म्हणजे आजच्या सीपीआरचा गाभा, प्रसिद्ध झाली. १९६२ मध्ये बर्नार्ड लाऊन यांनी कंडेन्सरमध्ये साठवलेली एका दिशेची वीज वापरून हृदयाचा ताल सुधारण्याची पद्धत मांडली.

दोन्हींच्या साठ्याची तुलना करता येते. ४० मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर ४०० व्होल्टला भरला तर त्यात सुमारे ३.२ ज्यूल ऊर्जा असते. डिफिब्रिलेटर प्रौढ माणसाला साधारण १२० ते ३६० ज्यूल देतो. म्हणजे ज्यूकबॉक्समधला साठा हृदय सावरण्याइतका मोठा नाही, पण हात भाजण्याइतका, माणूस फेकला जाण्याइतका आणि दुर्दैवाने गाठले तर ताल बिघडवण्याइतका नक्कीच आहे.

मोजा, मग हात लावा

दुरुस्तीची सुरुवात त्यामुळे सोल्डरिंगने होत नाही, मोजण्याने होते. प्लग भिंतीतून पूर्ण काढून तो डोळ्यांसमोर ठेवावा. अंगठी, कडे, घड्याळ काढावे. मग कंडेन्सरच्या धन टोकापासून चॅसिसपर्यंत दहा हजार ओहम, दहा वॅटचा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या क्लिपांनी जोडावा. एकूण शंभर मायक्रोफॅरॅडचा साठा असला तरी पाच सेकंदांत ४०० व्होल्टचे तीन व्होल्टही उरत नाहीत. त्यानंतर मल्टीमीटरने खात्री करावी. मीटर आधी आणि नंतर माहीत असलेल्या विजेवर तपासून पाहावा, कारण बिघडलेला मीटरही शून्यच दाखवतो. सगळे कंडेन्सर एकाच ठिकाणी जोडलेले नसतात, म्हणून प्रत्येकावर हेच करावे. काही कंडेन्सर रिकामे केल्यावरही थोड्या वेळाने त्यांत थोडा दाब परत दिसू लागतो. काम चालू असेपर्यंत रेझिस्टर जोडलेलाच ठेवावा.

दोन जुन्या सवयी मोडाव्या लागतील. स्क्रूड्रायव्हरने दोन टोके जोडून ‘फट्’ करण्याची सवय कंडेन्सरचे नुकसान करते आणि वितळलेल्या धातूचा कण डोळ्यात उडवू शकते. दुसरी सवय दिव्याच्या टेस्टरवर विश्वास ठेवण्याची. तो टेस्टर भिंतीतल्या प्रत्यावर्ती विजेसाठी आणि जमिनीशी असलेल्या नात्यावर चालतो. प्लग काढलेल्या यंत्रातल्या कंडेन्सरला तो लावला तर बहुधा पेटणारच नाही. ‘टेस्टर पेटला नाही, म्हणजे वीज नाही’ हा समज इथे जीवघेणा आहे.

पुढचे काम निदानाचे. मेण लावलेल्या कागदाचे जुने कंडेन्सर झिरपू लागतात. दोन टप्प्यांमधला असा कंडेन्सर झिरपला की धन दाब पुढच्या व्हॉल्व्हच्या जाळीवर पोहोचतो, व्हॉल्व्ह बेफाम प्रवाह ओढतो, त्याची प्लेट लाल होते आणि शेवटी महागडा ट्रान्सफॉर्मर जळतो. लक्षण व्हॉल्व्हमध्ये दिसते, रोग त्याच्या आधीच्या दहा-वीस रुपयांच्या भागात असतो. नवा व्हॉल्व्ह लावून पाहणे म्हणजे ताप उतरवून संसर्ग तसाच ठेवणे. मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून सुकले की घरघर वाढते. कार्बनच्या रेझिस्टरचा रोध वर्षानुवर्षे चढत जातो. रबराचे इन्सुलेशन बोटाने चुरा होईल इतके ठिसूळ होते. म्हणून दशकानुदशके पडून राहिलेला सेट ‘चालतो का बघू’ म्हणून थेट लावू नये. आधी कागदी आणि इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलावेत, वायरी पाहाव्यात आणि पहिल्यांदा वीज देताना इलेक्ट्रिशियन वापरतात तो सिरीज बल्ब मध्ये ठेवावा. आत शॉर्ट असेल तर बल्ब झगझगीत पेटतो आणि अॅम्प्लिफायर वाचतो.

अमेरिकी यंत्र, आपले सॉकेट

अमेरिकेत या यंत्रांना सुमारे ११७ व्होल्ट आणि ६० हर्ट्झ मिळत. आपल्याकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. दाब उतरवायला बाजारात मिळणारा स्वस्त ट्रान्सफॉर्मर अनेकदा ‘ऑटो’ प्रकारचा असतो. तो दाब कमी करतो, पण घरच्या विजेपासून यंत्र वेगळे करत नाही. प्लग उलटा बसला तर उतरवलेल्या बाजूच्या दोन्ही तारा जमिनीच्या तुलनेत शंभरावर व्होल्टला राहतात. दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घ्यावा. वारंवारतेचाही परिणाम होतो. साठ हर्ट्झसाठी केलेली मोटर पन्नासवर धिमी चालते. ४५ फेऱ्यांची तबकडी साडेसदतीस फेऱ्यांवर येते आणि पांढरी चारचे गाणे पांढरी दोनमध्ये ऐकू येते. त्यासाठी यंत्रातला भाग बदलावा लागतो. ट्रान्सफॉर्मरही जास्त तापतो.

त्या काळच्या अनेक अमेरिकी उपकरणांना दोन तारांची वायर असे आणि एका तारेपासून चॅसिसपर्यंत एक लहान कंडेन्सर जोडलेला असे. तो झिरपला की अख्खी धातूची चौकट जिवंत होते. तो काढावा किंवा त्या जागी सुरक्षा प्रमाणित कंडेन्सर घालावा, तीन तारांची वायर लावून चॅसिसला अर्थिंग द्यावे आणि फ्यूज फेजच्या तारेत असावा.

घरात आरसीसीबी बसवली आहे म्हणून निश्चिंत राहणेही चुकीचे. भिंतीच्या विजेतून ३० मिलिअँपिअर प्रवाह जमिनीकडे गळाला की ती वीज तोडते. पण अॅम्प्लिफायरचा उच्च दाब ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडे तयार होतो. तिथून हातातून चॅसिसकडे जाणारा प्रवाह आरसीसीबीला दिसतच नाही. ती घरासाठी हवीच. या कामात मात्र ती रक्षणकर्ती नाही.

विजेखेरीज आणखी काही धोके आहेत. जुन्या बुडबुडे नळ्यांत साधारणपणे मेथिलिन क्लोराइड हा द्रव भरत. तो सुमारे ४० अंशांना उकळतो, म्हणून दिव्याच्या उष्णतेने बुडबुडे येत. नळी फुटून बंद खोलीत त्याची वाफ श्वासात गेली तर गुंगी येते, शिवाय शरीरात त्याचे रूपांतर कार्बन मोनॉक्साइडमध्ये होते. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर हे विष ओळखत नाही, आकडा चांगलाच दाखवतो. खिडक्या उघडून बाहेर पडावे. डोकेदुखी, मळमळ, गुंगी असेल तर रुग्णालयात जाताना कशाची वाफ होती हे सांगावे. सोल्डरच्या राळेचा धूर दम्याचे कारण ठरू शकतो. पंखा किंवा उघडी खिडकी हवी. जुन्या सोल्डरमध्ये शिसे असते. ते धुरापेक्षा बोटांवरून पोटात जाते. म्हणून टेबलावर चहा-बिस्किटे नकोत आणि उठल्यावर साबणाने हात धुवावेत. लहान मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवावे.

धक्का बसलाच तर

हे काम एकट्याने करू नये. घरात असा एक माणूस हवा, ज्याला मुख्य स्विच कुठे आहे हे ठाऊक आहे. माणूस विजेला चिकटलेला असेल तर त्याला ओढायला धावू नये. आधी स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडी काठीने त्याला वायरपासून दूर करावे. हाक मारून उत्तर नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, तर १०८ किंवा ११२ ला फोन लावून लगेच छाती दाबायला सुरुवात करावी. छातीच्या मधोमध, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. १९७७ चे ‘स्टेइंग अलाइव्ह’ हे गाणे याच वेगाचे, मिनिटाला सुमारे १०३ ठोक्यांचे असल्याने सीपीआर शिकवताना वापरले जाते. जवळ एईडी यंत्र असेल तर ते आणवावे. तळहात-तळपाय चोळणे, कांदा हुंगवणे, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालणे यात हातातली मिनिटे वाया जातात.

माणूस लगेच उठून बसला, तरी काही खुणा पाहाव्यात. क्षणभरही शुद्ध हरपली असेल, छातीत दुखत किंवा धडधडत असेल, हातापायाला बधिरपणा असेल, भाजल्याची खूण असेल किंवा धक्का बसलेली स्त्री गरोदर असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात ईसीजी काढून घ्यावा. त्वचेवरची जखम हरभऱ्याएवढी असली तरी आतल्या स्नायूंची इजा मोठी असू शकते. आधीपासून हृदयविकार असलेल्यांनी किंवा पेसमेकर बसवलेल्यांनी चालू उच्च दाबावरचे काम जाणकारावर सोपवावे.

ज्यूकबॉक्स थोड्यांच्या घरी असेल, पण आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ अनेक घरांच्या माळ्यावर आहे. त्यांतल्या ‘एसी-डीसी’ सेटमध्ये ट्रान्सफॉर्मरच नसतो. चॅसिस थेट भिंतीतल्या विजेला जोडलेले असते. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या कंडेन्सरवर दोन हजारांहून जास्त व्होल्ट असतात आणि तो उघडणे घरगुती दुरुस्तीत सगळ्यांत धोक्याचे. टीव्ही आणि संगणकाच्या पॉवर सप्लायमध्ये सव्वातीनशे व्होल्ट साठतात. कॅमेऱ्याच्या फ्लॅशमध्येही तीनशेच्या आसपास असतात. या सगळ्यांना नियम एकच आहे: प्लग काढा, साठा रिकामा करा, मीटरने मोजा आणि मगच हात लावा. सत्तर वर्षांपूर्वीचे गाणे आणखी पाच मिनिटे उशिरा वाजले, तर काही बिघडत नाही.